माझी सव्वा मूठ

माझ्या वडिलांनी मला कधी मारलं नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण त्यांच्याविषयी तोंड उघडलं की ऐकणारा पहिल्यांदा हेच विचारतो. मारायचे का? प्यायचे का? बाहेर काही भानगड होती का? यातलं काही नव्हतं. मग समोरचा माणूस मागे टेकून बसतो आणि म्हणतो, "अरे मग, वडील म्हटले की एवढं चालायचंच." माझ्यासारख्या पत्रकं लिहिणाऱ्या माणसाला पुरावा लागतो. माराचे वळ दाखवता येतात, रिकामी बाटली दाखवता येते. माझ्याकडे दाखवण्यासारखं काहीच नव्हतं. तरीही चांगला मिशा फुटलेला, कलेक्टर कचेरीसमोर घसा फाडून बोलणारा मी, धुळ्याहून जळगावच्या एस.टी.त बसलो की पारोळा मागे पडताच माझे तळहात ओले व्हायला लागायचे.

आबा जळगावात हायस्कुलात शिक्षक होते. वाणी गोड, पल्लेदार. गावात कुठल्याही कार्यक्रमाला अध्यक्ष मिळाला नाही की लोक आमच्या दारात यायचे, आणि मिळाला असला तरी यायचे. स्टेशनवर टांग्यात बसलो तर टांगेवाला मागे वळून म्हणायचा, "आबांचे चिरंजीव ना तुम्ही? नशीबवान आहात." मी हो म्हणायचो. दुसरं काय म्हणणार.

घरात मात्र खऱ्या अर्थानं एकच माणूस राहत होता. आई, माझी मोठी बहीण अक्का आणि मी, आम्ही श्रोते होतो. जेवताना आबा बोलत आणि आम्ही भाकरी चावायचंही बेतानं चावत असू. आई चोपड्याकडची, खेड्यातली. तिची बोली अहिराणी. लग्न होऊन आली तेव्हा आबांनी तिला सांगितलं की या घरात शुद्ध बोलायचं. पाहुण्यांसमोर ते तिच्या बोलण्याची नक्कल करत आणि पाहुणे हसत. आईनं शुद्ध बोलणं काही शिकून घेतलं नाही, तिनं बोलणंच कमी केलं. लोक म्हणत, आबांची बायको किती शांत आहे.

मला विषमज्वर झाला होता तेव्हा माझ्या उशाशी अक्का बसायची. पाण्याच्या पट्ट्या तिनं बदलल्या. त्या आजारपणाची गोष्ट मी पुढे आबांच्या तोंडून किती सभांमध्ये ऐकली असेल. त्या गोष्टीत अक्का नव्हती. एक बाप होता, तो रात्र रात्र जागत होता, आणि मुलाचा ताप उतरला तेव्हा त्याच्या लक्षात आलं की आपण अन्नाला शिवलेलो नाही. सभेतल्या बायका पदर डोळ्यांना लावायच्या. मी पहिल्या रांगेत बसलेला असे, आणि आबा हात करून म्हणत, "तो पाहा, तो बसलाय." लोक वळून बघत. मी मॅट्रिक झालो तेव्हा शाळेनं सत्कार ठेवला, त्यात हार आबांच्या गळ्यात पडला. फोटो काढताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. फोटोग्राफरनं काळ्या कापडातून डोकं बाहेर काढलं आणि हात निघून गेला. त्या फोटोत आम्ही फार सुंदर दिसतो.

सगळ्यात साधी गोष्ट सांगतो. त्या घरात मला कुणी कधी एक प्रश्न विचारला नाही. अभ्यास झाला का, कुठे गेला होतास, हे प्रश्न नव्हेत, ती हजेरी. तुला काय वाटतं, तुला तिथं कसं वाटलं, हे कधी नाही. आबांना सुचत नव्हतं, आणि आबांच्या समोर इतरांना धीर होत नव्हता.

कॉलेज संपल्यावर मी धुळ्याला पळालो. पळालो हाच शब्द बरोबर आहे. तिथं शेतमजुरांची एक संघटना होती, तिच्यात पडेल ते काम करू लागलो. ऑफिस म्हणजे एका छापखान्याच्या मागची खोली. पायानं चालवायच्या यंत्राचा खडखड आवाज भिंतीतून यायचा. एक मारवाडी शेटजी कागदाच्या कापलेल्या पट्ट्या आम्हाला देऊन टाकायचे, त्यावर आम्ही पत्रकं काढायचो. म्हणायचे, "लिहा भाऊ, पण माझ्या कागदावर माझ्याविरुद्ध लिहू नका." मी भराभर लिहायला शिकलो. निषेध, मागणी, इशारा. वाक्य छोटं ठेवायचं, कर्ता स्पष्ट ठेवायचा, कुणी काय केलं ते सांगायचं. या शिक्षणानं माझा कणा सरळ केला. मामलेदारासमोर माझा आवाज कापत नसे. बागायतदारांच्या ओट्यावर उभं राहून मी मजुरी मागितली आहे. पण आबांनी "ये, बस" म्हटलं की माझ्या गळ्यातून सात वर्षांच्या पोराचा आवाज निघायचा. याची मला इतकी लाज वाटे की संघटनेत कुणाजवळ बोललो नाही.

एकदा बोललो, आमच्यातल्या सगळ्यात जुन्या कार्यकर्त्याजवळ. आम्ही त्यांना भाऊ म्हणायचो. भाऊंनी बिडी विझवली आणि म्हणाले, "इतका चांगला वक्ता घरात आहे आणि तू रडतोस? त्यांना एखाद्या सभेला आण की."

आणावं लागलंच नाही. ते आले.

बहात्तरच्या दुष्काळानंतरचा उन्हाळा होता. खडी फोडणाऱ्या आणि बांधबंदिस्तीवर राबणाऱ्या बायकांचा पगार आठवड्यामागून आठवडे अडकला होता. आम्ही धुळ्याला मोर्चा काढला. बायका पहाटे गावांतून निघून, पोरं कडेवर घेऊन आल्या होत्या. कलेक्टरसाहेब दुपारी दौऱ्यावर निघणार होते, त्याआधी शिष्टमंडळाला भेटतो म्हणाले होते. सगळं वेळेवर चाललं होतं. तेवढ्यात गर्दीच्या कडेला पांढरं धोतर, काळी टोपी आणि काखेत छत्री दिसली. जळगावहून सकाळच्या बसनं. कुणी बोलावलं नव्हतं. भाऊंनी ओळखलं, हात धरून पुढे आणलं आणि कर्णा त्यांच्या हातात दिला.

आबा बोलले. काय बोलले? हा मुलगा मी गरिबांना देऊन टाकला, असं बोलले. विषमज्वराची गोष्ट सांगितली. स्वतःच्या बालपणीच्या दुष्काळाची सांगितली. आवाज कुठे खाली आणायचा, कुठे थांबायचं, हे त्यांना फार चांगलं कळतं. मी दोनदा त्यांच्या बाहीला हात लावला. त्यांनी तोच हात धरून वर केला आणि लोकांना दाखवला. टाळ्या पडल्या. कचेरीच्या मागच्या फाटकातून साहेबांची जीप निघून गेली तेव्हा आबा अजून मी रांगत होतो त्या काळात होते.

बायका परत निघाल्या. त्यांतली एक, डोक्यावर घमेलं उपडं घालून ऊन चुकवत उभी होती, ती माझ्याजवळ येऊन म्हणाली, "हाऊ तुना बाप शे का, भाऊ?"

"हो."

"गोड बोलस. पन आम्हना पगारनं त काहीच बोलना नही." आणि हसली. रागानं हसली असती तर बरं वाटलं असतं.

मी आबांना एस.टी. स्टँडवर सोडायला गेलो. ते उसाचा रस पीत होते, खुशीत होते.

"आबा, बायका सकाळपासून उन्हात होत्या."

"मग मी काय मंडपात होतो?"

"साहेब निघून गेले. आता पुन्हा सगळं पहिल्यापासून."

"त्यांनी थांबून ऐकायला हवं होतं. करंटा माणूस." त्यांनी ग्लास खाली ठेवला. "तुमचे ते भाऊ म्हणत होते, असं भाषण धुळ्यात बऱ्याच दिवसांत झालं नाही."

"आबा, तुम्हाला कुणी बोलावलं नव्हतं."

माझा आवाज नेहमीचा होता, धुळ्याचा. पहिल्यांदाच तो त्यांच्यासमोर निघाला. ते माझ्याकडे बघत राहिले. रागानं नाही. टेबलावरची वस्तू अचानक बोलली तर माणूस जसं बघेल तसं. मग रुमालानं ओठ टिपले, "बरं" म्हणाले आणि बसमध्ये चढले.

पुढच्या महिन्याभरात पारोळा, अमळनेर, भडगाव, जिथं जिथं आमचे नातेवाईक होते तिथं ही गोष्ट पोचली. गोष्टीत मी बापाला भर चौकात हाकलून दिलं होतं. बाप उपाशी परतला होता. उसाचा रस गोष्टीत नव्हता.

श्रावण आला. आमच्याकडे कानबाई बसते. खानदेशाबाहेरच्यांसाठी सांगतो: नागपंचमीनंतरच्या रविवारी नारळाची देवी मांडतात, तिला नथ घालतात, लुगडं नेसवतात, सोमवारी तिला नदीवर पोचवतात. तिच्या नैवेद्याचे रोट फक्त भाऊबंदांनी खायचे. बाहेरच्याला द्यायचे नाहीत, टाकायचे नाहीत, पुनवेच्या आत संपवायचे. आणि रोटांचे गहू कसे मोजायचे, तर घराण्यातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ. आमच्यात घराण्यातला मोठा माणूस ते मोजतो. नाव घेतो, मूठ भरतो, सुपात सोडतो, वरून चिमूटभर आणखी. अंगणात रांगणाऱ्या पोराचीही मूठ असते. परगावी नोकरीला गेलेल्याचीही असते. मूठ पडली म्हणजे तू आहेस.

मी देव मानत नाही. बायकांची मूठ का नसते, यावर मी संघटनेच्या बैठकीत तावातावानं बोललो होतो. हे सगळं खरं. आणि तरी त्या शनिवारी मी जळगावला गेलो, कारण माझी मूठ पडताना मला बघायची होती. लोक याला काय म्हणतील ते म्हणोत.

भाऊबंद ओसरीवर बसले होते. दुष्काळात रेशनचा लाल मिलो, ती अमेरिकन ज्वारी, खाऊन सगळ्यांची तोंडं वाकडी झालेली, त्यामुळे पोत्यातून निघालेल्या पिवळ्याधमक गव्हाकडे सगळे कौतुकानं बघत होते. आबा पाटावर बसले आणि नावं घेऊ लागले. आधी स्वतःचं, मग काकांचं, चुलतभावांचं, त्यांच्या पोरांचं. माझं नाव आबांच्या नावानंतर लगेच यायला हवं होतं. आलं नाही. सगळ्यांचं झाल्यावर त्यांनी मूठ भरली, सुपावर धरली आणि थांबले. सभेत थांबतात तसे.

"आता हिचं काय करायचं?" ते काकांकडे बघून म्हणाले. "याला देव नको. याला बाप नको. कुणी बोलावलं होतं, असं विचारतो. मग मी विचारतो, कुणाच्या नावानं घालू ही?"

काका म्हणाले, "घाला हो आबा, पोर आहे."

"मी कुठे नाही म्हणतो? त्यानं एवढंच म्हणावं की धुळ्याला चुकलं. मी लगेच घालतो." मग माझ्याकडे वळले. डोळ्यांत पाणी होतं. खरंच होतं. "बोल. बापाच्या हाताला किती वेळ ताटकळत ठेवशील?"

सगळे माझ्याकडे बघत होते. एक चुलतभाऊ हळूच म्हणाला, "म्हण ना यार, काय जातं?" काय जातं, हे त्याला सांगायला मला एक अख्खं पत्रक लागलं असतं. त्या बायका उन्हात उभ्या होत्या, हे जातं. मी एकदा माझ्या आवाजात बोललो होतो, ते जातं. स्वयंपाकघराच्या दारात आई उभी होती आणि तिच्यामागे अमळनेरहून आलेली अक्का. आईच्या हातात परात होती. ती माझ्याकडे बघत नव्हती, आबांच्या मुठीकडे बघत होती.

मी म्हणालो, "घाला नाहीतर घालू नका, आबा. तुमची इच्छा. मी चुकलो असं म्हणणार नाही." आणि पिशवी उचलून निघालो.

कुणी हाक मारली नाही. धुळ्याच्या बसमध्ये खिडकीशी बसलो. एरंडोलला एक बाई टोपलीतून कानबाईसाठी गंगाफळ, म्हणजे लाल भोपळा, घेऊन चढली, तिनं मला सरकायला सांगितलं, मी सरकलो. त्या दिवशी माझ्याशी कुणी बोललेलं तेवढंच. रविवारी खानावळ बंद होती. छापखाना बंद. शेजारच्या घरांतून खिरीचा आणि कटाच्या आमटीचा वास येत होता, बायका गाणी म्हणत होत्या. मी स्टोव्ह पेटवून पिठलं केलं, ते लागलं, तसंच खाल्लं. अन्यायाविरुद्ध उभं राहिलं की छाती भरून येते, असं मीच कितीदा लिहिलंय. येते, पण मागे माणसं उभी असतात म्हणून. त्या खोलीत माझ्यामागे फक्त पत्रकांचे गठ्ठे होते.

पुनव झाल्यावर मी अमळनेरला अक्काकडे गेलो. तिचा नवरा तेलाच्या कारखान्यात पाळीवर गेला होता. ती भाजी निवडत होती.

"घातली त्यांनी तुझी मूठ," ती म्हणाली.

"कधी?"

"तू फाटकाबाहेर पडल्यावर. म्हणाले, 'तो मुलगा नसला तरी मी बाप आहे.' सगळे रडले. काका त्यांच्या पाया पडले."

मी हसायला लागलो. माझ्या जाण्याचासुद्धा त्यांना उपयोग झाला होता.

"हसू नकोस," अक्का म्हणाली. "तुझे रोट झाले, आणि खायला तू नाहीस. टाकता येत नाहीत, बाहेर देता येत नाहीत. मला चालत नाहीत, मी परक्या घरची. मग आईनं खाल्ले. रोज थोडे थोडे, पुनवेपर्यंत. शेवटी दगडासारखे झाले होते. तिच्या दाढा तुला माहीत आहेत. पाण्यात भिजवून खायची, आबांचं जेवण झाल्यावर, चुलीशी बसून."

मग मी म्हणालो की माझी मूठ अशी सगळ्यांसमोर अडवून धरली, हे तुला काहीच वाटलं नाही का?

अक्कानं देठ मोडला. "माझी कधी नव्हतीच रे. तुझी अडवली म्हणून तू धुळ्यापर्यंत रुसत गेलास. मी कुठे जाऊ?"



त्यानंतरच्या वर्षात मी आबांशी वागण्याची एक रीत बसवली. तिला सलोखा म्हणू नये. मी त्यांना माझ्याबद्दल काही सांगणं बंद केलं. सांगितलेली प्रत्येक गोष्ट त्यांच्या भाषणात जायची, म्हणून सांगायचीच नाही. जळगावला गेलो तर केळीचा भाव, एस.टी.ची गर्दी, त्यांची तब्येत. ते बोलायला लागले की मी रेडिओ ऐकावा तसा ऐकायचो. वाद घालायचो नाही, कारण वादातही तेच मध्यभागी असत. उपयोग झाला. तळहात ओले होणं कमी झालं. पण ही रीत माणसाला आतून कोरडी करते, हेही लिहून ठेवतो. ज्याच्यापासून सगळं लपवायचं त्याच्या घरात बसून चहा पिणं हे काही विजयाचं काम नाही. आणि एकदा लपवायची सवय लागली की ती आबांपुरती राहत नाही. धुळ्यातही मी कुणाला काही सांगेनासा झालो.

पुढच्या श्रावणात मी मूठ मोजायला गेलो नाही. रविवारी नाही, सोमवारी नाही. सगळे पांगल्यावर, मंगळवारी दुपारी गेलो, आणि मागच्या दारानं. आई चुलीशी होती. मला बघून तिनं पदर सारखा केला. फडताळातून फडक्यात बांधलेले रोट काढले, ताटलीत ठेवले, वर दूध ओतलं. म्हणजे मूठ याही वर्षी पडली होती.

ओसरीवर आबांपाशी कुणीतरी बसलं होतं. त्यांचा आवाज स्पष्ट ऐकू येत होता. "मुलगा धुळ्याला असतो. फार मोठं काम करतो. माझ्याकडे यायला त्याला सवड नाही, पण मी त्याची मूठ चुकवत नाही." पाहुणा च्च च्च करत होता. मी आत बसून त्याच मुठीचा रोट चावत होतो. उठून बाहेर जावं, समोर उभं राहावं, असं एक क्षणभर वाटलं. पण मी गेलो असतो तर आबा हात पसरून म्हणाले असते, "तो पाहा, आला." गोष्टीला शेवट मिळाला असता. मी बसून राहिलो.

आई माझ्यासमोर बसली. रोट कडक होता, मी दुधात दाबत होतो, ती बघत होती. मग बाहेर ऐकू जाणार नाही अशा आवाजात, तिच्या बोलीत, तिनं विचारलं, "तठे तुले रांधीसन कोन देस रे?"

तिथं तुला रांधून कोण देतं. त्या घरातला मला विचारलेला पहिला प्रश्न. खानावळ आहे म्हणालो. रविवारी बंद असते म्हणालो. मागच्या कानबाईला पिठलं लागलं होतं, तेही सांगितलं, जे मी कुणाला सांगितलं नव्हतं.

ओसरीवरून हाक आली, "अगं, पाहुण्यांना पाणी."

आई उठली. माठातून तांब्या भरला, पेला पालथा घातला, बाहेर गेली. आबांचा आवाज थांबला नाही. ती परत आली, पदरानं हात पुसले आणि पुन्हा माझ्यासमोर बसली.

"हां," ती म्हणाली, "मंग?"